आईचं जनुक, भ्रूणाचं जनुक: ड्रॉसोफिलात नैसर्गिक निवडीचा ठसा कसा शोधायचा

पावसाळ्यात पिकल्या केळ्यांवर जी चिलटं घोंगावतात, त्यांच्याबद्दलचा हा लेख आहे. हे आधीच सांगतो, कारण मराठीत ‘फळमाशी’ म्हटलं की आंब्याच्या बागायतदाराला वेगळीच माशी आठवते. ती बॅक्ट्रोसेरा. ती पिकत आलेल्या फळात अंडी घालते आणि तिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतात. आपली माशी ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर, पुढे नुसतं मेलानोगॅस्टर. ती आंबत चाललेल्या फळावरचं यीस्ट खाते, आणि तिचे डोळे लालभडक असतात. 25 अंश सेल्सिअसला तिचं अंडं एका दिवसात फुटतं आणि दहाएक दिवसांत माशी कोषातून बाहेर येते.

एका बाटलीतल्या दोनशे माश्या भिंगाखाली पाहिल्या तरी सगळ्यांची ठेवण एकसारखीच दिसते: तेच खंड, दोन पंख, पंखांमागे तोल सांभाळणारे दोन छोटे संतोलक. त्याच माश्यांचा डीएनए वाचला तर मात्र प्रथिनावर परिणाम न करणाऱ्या जागांवर दोन प्रतींमध्ये शंभर अक्षरांमागे साधारण एक फरक सापडतो. माणसात हे प्रमाण याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. शरीर घडवणारी जनुकंही या फरकांतून सुटलेली नाहीत. त्यांतले कोणते फरक निवडीने राहू दिले, कोणते झाडून टाकले आणि कोणते उचलून धरले, हे ओळखण्याची रीत इथे पायरीपायरीने मांडतो. एमएस्सीचा विद्यार्थी एक लॅपटॉप आणि थोडी चिकाटी यांवर यातला बराच भाग करू शकतो.

पहिली पायरी: जोडी निवडा

बहुतेक जण एखादं नावाजलेलं जनुक घेतात, त्यातले फरक मोजतात आणि मग आकडा मोठा की लहान या प्रश्नावर अडतात. आकडा मोठा की लहान हे कशाच्या तुलनेत ठरवायचं? म्हणून आधी जोडी शोधावी. माझ्या मते ड्रॉसोफिलात शिकण्यासाठी बिकॉइड आणि झेन या जोडीइतकी चांगली जोडी नाही. दोन्ही एकाच पूर्वज जनुकापासून आलेली, दोन्ही तिसऱ्या गुणसूत्रावर अँटेनापीडिया संकुलात (शरीराची घडण ठरवणाऱ्या जनुकांच्या एका गटात) शेजारीशेजारी आहेत, आणि दोन्हींची प्रथिनं इतर जनुकं चालू-बंद करतात.

फरक आहे तो ती कुठे चालतात यात. बिकॉइडचा आरएनए (ज्यावरून प्रथिन बनतं ती जनुकाची नक्कल) आई अंडाशयातच तयार करते आणि अंड्याच्या पुढच्या टोकाशी ठेवते. अंडं घातल्यावर त्यापासून प्रथिन बनतं, पुढून मागे विरळ होत जातं, आणि डोकं कुठे, छाती कुठे हे त्या प्रमाणावरून ठरतं. झेन मात्र भ्रूणाच्या स्वतःच्या डीएनएमधून चालू होतं आणि भ्रूणाच्या पाठीकडचं पातळ आवरण घडवतं.

हा फरक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जिच्या बिकॉइडच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत अशी मादी आपल्या आईच्या चांगल्या प्रतीवर वाढते. ती धडधाकट असते, उडते, नराशी जुळते, अंडीही घालते. पण तिच्या एकाही अंड्यातून अळी बाहेर पडत नाही. अंडं सोलून पाहिलं तर डोकं आणि छाती जागेवर नाहीत, आणि पुढच्या टोकाला शेपटाकडचा भाग तयार झालेला दिसतो. तेच बिघडलेलं जनुक घेऊन फिरणाऱ्या नराचं मात्र काहीच बिघडत नाही, कारण नर अंडी घालत नाही. त्याच्यातलं वाईट बिकॉइड निवडीला दिसतच नाही.

दुसरी पायरी: मोजण्याआधी भाकीत लिहून काढा

वहीत तारीख टाकून लिहा. जे जनुक फक्त आईत काम करतं त्याच्या हानिकारक रूपावर निवड फक्त माद्यांमधून चालते, म्हणजे सरासरीने निम्म्या जोराने. एका प्रतीनेही थोडं नुकसान होत असेल, तर नवी उत्परिवर्तनं येण्याचा वेग आणि निवडीने ती काढून टाकण्याचा वेग यांच्या समतोलात अशा रूपांचं प्रमाण दुप्पट राहायला हवं. नुकसान फक्त दोन्ही प्रती बिघडल्यावरच होत असेल, तर वाढ त्याहून कमी, वर्गमूळ दोनच्या पटीत.

म्हणजे भाकीत असं: दोन्ही जनुकांचं काम सारखंच महत्त्वाचं असलं तरी बिकॉइडमध्ये प्रथिन बदलणारे फरक झेनपेक्षा जास्त सापडावेत. इंडियाना विद्यापीठातल्या मायकेल वेड यांच्या गटाने 2005 मध्ये हीच तुलना केली, आणि बिकॉइडवरचा निवडीचा लगाम खरोखरच सैल निघाला.

जनुक किती ‘महत्त्वाचं’ आहे यावरून निवड किती कडक असेल याचा अंदाज बांधायची सवय सोडावी, असं मी आग्रहाने सांगेन. बिकॉइडशिवाय डोकं नाही, याहून महत्त्वाचं काय असणार? तरीही ते तुलनेने मोकळं फिरतं. जनुक कोणाच्या शरीरात, कोणत्या वेळी आणि किती जणांत चालू होतं हा प्रश्न आधी विचारायचा. बिकॉइड हे जनुक तसं नवंही आहे. ते माश्यांच्या एका शाखेतच आढळतं, डासात नाही. जुन्या जनुकाची एक प्रत आईच्या ताब्यात गेली, लगाम सैल झाला, आणि तिला नवं काम शिकायला वाव मिळाला, हा तर्क मला पटतो.

तिसरी पायरी: माश्या किंवा माहिती मिळवा

स्वतः माश्या पकडायच्या असतील तर पिकलेलं केळं कुस्करून त्यावर चिमूटभर यीस्ट टाका आणि तोंडाला कागदाचं नरसाळं लावलेल्या बाटलीत ठेवा. संध्याकाळपर्यंत माश्या येतात. आपल्याकडच्या बाजारात मेलानोगॅस्टरबरोबर अनानासी, बायपेक्टिनाटा आणि पाठीवर पांढरे पट्टे असलेली झॅप्रिओनस इंडियानस हमखास सापडतात, तेव्हा आधी जात नक्की करा. मेलानोगॅस्टरच्या नराचं पोट मागच्या बाजूला काळं असतं आणि पुढच्या पायावर काळा छोटा कंगवा असतो.

प्रत्येक मादी वेगळ्या नळीत सोडून तिचा वंश वेगळा वाढवा. खाद्यासाठी आपल्याकडच्या प्रयोगशाळांत रुळलेलं प्रमाण असं: एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम रवा, 100 ग्रॅम गूळ, 10 ग्रॅम अगर, आणि उकळून थोडं निवल्यावर 7.5 मिलिलिटर प्रोपिओनिक आम्ल. आम्ल टाकायचं राहिलं तर चार दिवसांत बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये तर नक्कीच.

पण फक्त डीएनए वाचायचा असेल तर माश्या पाळण्याची गरज नाही. दोन मोठे साठे खुले आहेत. एक अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या रॅली शहराचा: तिथल्या बाजारात पकडलेल्या माद्यांचे वंश 20 पिढ्या भाऊ-बहिणीच्या संकरातून वाढवले, आणि अशा 205 वंशांचा पूर्ण डीएनए उपलब्ध आहे. दुसरा आफ्रिकेतल्या झांबियाच्या सियावोंगा गावचा, 197 जीनोमचा (जीनोम म्हणजे पूर्ण डीएनए). मी झांबियाचा वापरतो. मेलानोगॅस्टरचं मूळ घर आफ्रिकेच्या दक्षिण-मध्य भागात आहे. आफ्रिकेबाहेर पडताना थोड्याच माश्या बाहेर आल्या, आणि अमेरिकेत तर युरोपातून व आफ्रिकेतून आलेल्यांचं मिश्रण झालं. त्या इतिहासाच्या खुणा निवडीच्या खुणांसारख्याच दिसतात आणि घोटाळा होतो.

तुलनेसाठी जवळच्या जाती हव्यात. त्यासाठी सिम्युलान्स आणि याकुबा घ्या. जनुकाचं पान, त्याची वेगवेगळी रूपं आणि ते कोणत्या टप्प्यावर चालू होतं ही माहिती फ्लायबेस या ड्रॉसोफिलाच्या जनुकांच्या संकेतस्थळावर मिळते.

चौथी पायरी: ओळी जुळवा, आणि डोळ्यांनी पाहा

या पायरीवर मी एकदा तीन आठवडे घालवले. एका वंशाच्या जनुकात शेवटाकडे प्रथिन बदलणारे एकोणीस फरक ओळीने दिसत होते. एवढे फरक एका ठिकाणी म्हणजे जोरदार निवड, असं धरून मी पुढची सगळी मांडणी केली. नंतर ओळी मोठ्या अक्षरांत छापून टेबलावर पसरल्या, तेव्हा दिसलं की जुळवताना एक अक्षर गळालं होतं आणि तिथून पुढे प्रत्येक त्रिक (प्रथिनाचा एकेक घटक, म्हणजे अमिनो आम्ल, ठरवणारी तीन अक्षरं) एका घराने सरकलं होतं. ते एक अक्षर जागेवर ठेवताच एकोणीसच्या एकोणीस फरक नाहीसे झाले.

म्हणून आधी प्रथिनांच्या ओळी जुळवा, मग त्यावरून डीएनएच्या ओळी बसवा. मध्येच थांबा-त्रिक, म्हणजे प्रथिन संपल्याची खूण, आलं तर तिथे चूक आहे असं समजा. बिकॉइडसारख्या प्रथिनांत एकच अमिनो आम्ल पुन्हा पुन्हा येणारे पट्टे असतात. तिथे जुळवणी भरवशाची नसते, तो भाग मोजणीतून सरळ वगळा आणि वगळल्याची नोंद ठेवा.

आता प्रत्येक फरकाला दोन प्रश्न विचारा. पहिला, त्याने प्रथिन बदलतं का? सीटीजीचं सीटीए झालं तर दोन्हींचा अर्थ ल्युसिनच: हा मूक बदल. एएजीचं एसीजी झालं तर लायसिनच्या जागी थ्रिओनिन: हा प्रथिन बदलणारा. (हे दुसरं उदाहरण खरं आहे. अल्कोहोल पचवणाऱ्या एडीएच जनुकाची ‘मंद’ आणि ‘जलद’ रूपं याच एका अक्षराने वेगळी होतात. मार्टिन क्रेटमन यांनी 1983 मध्ये या जनुकाच्या 11 प्रती वाचल्या. 43 जागी फरक सापडले, आणि प्रथिन बदलणारा फक्त हाच एक.) दुसरा प्रश्न, हा फरक एकाच जातीच्या माश्यांमध्ये आहे, की एका जातीच्या सगळ्या माश्या एका बाजूला आणि दुसऱ्या जातीच्या सगळ्या दुसऱ्या बाजूला असा पक्का झालेला आहे?

पाचवी पायरी: चार घरांचा तक्ता

आपल्या जनुकाला हात घालण्याआधी ज्याचं उत्तर माहीत आहे त्यावर हात बसवा. मॅकडोनल्ड आणि क्रेटमन यांनी 1991 मध्ये मेलानोगॅस्टर, सिम्युलान्स आणि याकुबा या तीन जातींत एडीएचची मोजणी केली. जातींमधले पक्के फरक: प्रथिन बदलणारे 7, मूक 17. जातींच्या आतले फरक: प्रथिन बदलणारे 2, मूक 42.

मूक फरकांवर निवडीचा फारसा जोर नसतो, म्हणून ते आपलं माप. जातीच्या आत 42 मूक फरकांमागे 2 बदलणारे, या हिशेबाने 17 पक्क्या मूक फरकांमागे एकही पुरता बदलणारा फरक नको होता: 17 गुणिले 2 भागिले 42 म्हणजे 0.8. सापडले 7. जास्तीचे सहा कुठून आले? फायद्याचे बदल जातीच्या आत फार काळ रेंगाळत नाहीत. ते वेगाने सगळ्यांत पसरतात आणि थेट पक्क्यांच्या घरात जाऊन बसतात. फिशरची अचूक चाचणी लावली तर असा तक्ता निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी येते. ही चाचणी आर (R) या संख्याशास्त्राच्या मोफत संगणक-प्रणालीत एका ओळीत होते.

हात बसला की हेच बिकॉइड आणि झेनसाठी करा. विकास-जनुकांत, म्हणजे शरीर घडवणाऱ्या जनुकांत, हा तक्ता वाचताना तीन चित्रं लक्षात ठेवा.

बदलणारे फरक जातीच्या आतही कमी आणि जातींमध्येही कमी असतील, तर निवड राखणदारासारखी उभी आहे आणि बिघाड आत येऊ देत नाही. बहुतेक विकास-जनुकांचं चित्र हेच.

फक्त पक्के बदलणारे फरक वाढले असतील, जातीच्या आतले नाहीत, तर एडीएचसारखी निवडीने उचल घेतली आहे.

आणि दोन्ही बरोबरीने वाढले असतील तर लगाम सैल झाला आहे. आईच्या जनुकात आपल्याला हेच शोधायचं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रात गल्लत फार होते. नुसत्या दोन जातींची तुलना केली तर दोन्हीकडे ‘वेगाने बदललेलं जनुक’ एवढंच दिसतं. जातीच्या आतले फरक मोजल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

चौथंही एक चित्र आहे. आतले फरक जास्त आणि पक्के कमी, असं दिसलं की बहुधा थोडे हानिकारक बदल अजून समूहात फिरताहेत, पण कधीच पक्के होत नाहीत. हे बदल सहसा दुर्मीळ असतात. पाच टक्क्यांहून कमी माश्यांत आढळणारे फरक, मूक आणि बदलणारे दोन्ही, वगळून तक्ता पुन्हा मांडा आणि दोन्ही निकाल शेजारीशेजारी लिहा.

सहावी पायरी: शेजार तपासा

क्युबिटस इंटरप्टस हे खंडांची घडण ठरवणारं जनुक चौथ्या, अगदी चिमुकल्या गुणसूत्रावर आहे. 1991 मध्ये मेलानोगॅस्टरच्या 10 वंशांत त्याचा सुमारे 1,100 अक्षरांचा तुकडा वाचला गेला आणि एकही फरक सापडला नाही. मूकही नाही. या जनुकावर निवड विलक्षण कडक आहे, असा अर्थ कोणीही काढेल. पण कडक निवड प्रथिन बदलणारे फरक काढते, मूक फरकांना ती का हात लावेल?

उत्तर शेजारात आहे. चौथ्या गुणसूत्राच्या जोडीत एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल जवळपास होतच नाही. त्यामुळे त्यावर कुठेही एखादा फायद्याचा बदल पसरला की त्याच्याबरोबर अख्खं गुणसूत्र ओढलं जातं आणि बाकीची सगळी रूपं पुसली जातात. हानिकारक बदल काढले जातानाही शेजारचं वैविध्य त्यांच्याबरोबर जातं. म्हणून आपल्या जनुकाच्या भागात अदलाबदलीचा दर किती आहे ते पाहा, आणि आजूबाजूच्या चार-पाच जनुकांतलं मूक वैविध्यही मोजा. बिकॉइड आणि झेन शेजारी असल्याचा फायदा इथे कळतो: शेजार दोघांचा एकच.

सातवी पायरी: प्रथिनाबाहेरचा डीएनए

विकास-जनुकांचं निम्मं रहस्य प्रथिनात नसतं, ते जनुक कुठे आणि कधी चालू करायचं हे ठरवणाऱ्या तुकड्यांत असतं. या तुकड्यांना एन्हान्सर म्हणतात. इथे त्रिकं नाहीत, म्हणून चार घरांचा तक्ता जसाच्या तसा लागू होत नाही. माप म्हणून जवळच्या लहान इंट्रॉनमधली (जनुकातल्या, प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यांमधली) अक्षरं घ्यावी लागतात.

इव्हन-स्किप्ड जनुक भ्रूणावर सात पट्टे उमटवतं. दुसऱ्या पट्ट्याचा एन्हान्सर वेगळा आहे: बिकॉइड आणि हंचबॅक या जनुकांची प्रथिनं त्याला चालू करतात, जायंटचं प्रथिन पुढून अडवतं, क्रुपेलचं मागून. मेलानोगॅस्टर आणि स्यूडोऑब्स्क्युरा या दूरच्या जातींत या तुकड्याची अक्षरं बरीच बदलली आहेत, तरी पट्टा त्याच जागी उमटतो. मग ते बदल बिनमहत्त्वाचे होते का? लुडविग, क्रेटमन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये एका जातीच्या तुकड्याचा अर्धा भाग दुसरीच्या अर्ध्या भागाला जोडला. दोन्ही अस्सल तुकडे मेलानोगॅस्टरच्या भ्रूणात नीट पट्टा देत होते, पण जोडलेल्या तुकड्यांचा पट्टा चुकला. म्हणजे एका टोकाला झालेली थोडी तूट दुसऱ्या टोकाच्या बदलाने भरून निघत गेली होती. निवड पट्ट्याची जागा राखते, अक्षरं नाही. म्हणून एन्हान्सरमध्ये फरक सापडले की लगेच ‘निवड नाही’ असं लिहू नका. प्रथिनं जिथे चिकटतात त्या जागा मोजा: किती गेल्या, किती नव्या आल्या.

निवडीने एन्हान्सरला उचलून धरल्याचंही उदाहरण आहे. युगांडाच्या उंच भागातल्या माश्या काळपट असतात. त्यांच्या एबनी जनुकाच्या एन्हान्सरमध्ये अनेक छोटे बदल एकत्र आले आहेत. काही आधीपासून समूहात फिरत होते, काही नवे.

आठवी पायरी: जे दिसत नाही ते बाहेर काढा

सगळ्या माश्या सारख्या दिसतात म्हणून त्यांच्यात फरक नाही असं नाही. जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोवळ्या भ्रूणांना इथरची वाफ दिली होती. काहींच्या संतोलकांच्या जागी पंखासारखी वाढ झाली. अशाच माश्या निवडत गेल्यावर काही पिढ्यांनी इथर न देताही ती वाढ दिसू लागली. पुढे 1996 मध्ये गिब्सन आणि हॉग्नेस यांनी दाखवलं की इथरला बळी पडण्यातला फरक अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकातल्या, निसर्गातल्या माश्यांमध्ये आधीच असलेल्या फरकांशी जोडलेला आहे. संतोलक घडवणारं हेच जनुक पुण्याच्या आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांच्या गटाने वर्षानुवर्षं अभ्यासलं आहे.

इथर लगेच पेट घेतं, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. तापमान पुरतं. पाचव्या पायरीत बिकॉइडची जी रूपं वेगळी निघाली त्यांचे पाच-सहा वंश घ्या. प्रत्येक वंशाच्या माद्या दुसऱ्या, एकाच ठरावीक वंशाच्या नरांशी जुळवा, आणि उलट संकरही करा. अंडी द्राक्षरस-अगरच्या थाळीवर दोन तास घालू द्या, 200 मोजा, अर्धी 25 अंशांना आणि अर्धी 29 अंशांना ठेवा. 36 तासांनी न फुटलेली अंडी मोजा. फरक आईच्या बाजूने संकर केल्यावरच दिसला आणि बापाच्या बाजूने नाहीसा झाला, तर तो आईने अंड्यात ठेवलेल्या कशाचा तरी आहे. तो बिकॉइडचाच आहे हे ठरवायला त्या रूपाच्या जागी दुसरं रूप बसवून पुन्हा मोजावं लागेल. पण आधी पांढरी, न फलित झालेली अंडी वेगळी काढा. मेलेला भ्रूण हळूहळू तपकिरी पडतो, न फलित अंडं पांढरंच राहतं, आणि या दोघांची सरमिसळ झाली तर वरची सगळी मोजणी वाया जाते.